पेजेचं गाऱ्हाणं

१० फेब्रुवारी

ही डायरी गेल्या वर्षीची. खतवाल्याने माझ्या मुलाला, गुरुदासला, दिली होती, ती कपाटात कोरीच पडून होती. तारखा चालतील, वार तेवढे चुकीचे आहेत, ते मी खोडत जाईन. तन्वी म्हणाली, "आज्ये, तू दिसभर बडबडतंस तां लिवन ठेव, तुझ्या डोक्याक जरा थंड वाटात." तिच्या कानांना थंड वाटेल असं म्हणायचं असेल.

मी चौथीपर्यंत शिकले. पास की नापास ते अजून ठाऊक नाही, कारण निकालाच्या दिवशी आमच्या मिठबावच्या किनाऱ्यावर रापण लागली होती आणि गुरुजींसकट सगळी शाळा जाळं ओढायला गेली. मिठबाव माझं माहेर. बांगडे मात्र त्या दिवशी खूप मिळाले. तर लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहिणार. बोलताना आम्ही मालवणी बोलतो. मिसळलं तर मिसळू दे, वाचणार कोण आहे!

आता आजची बातमी. तन्वी माझी नात, गुरुदासची मुलगी. हॉटेलचं शिकली, दोन वर्षं पुण्याला मोठ्या हॉटेलात होती. दिवाळीला घरी आली ती परत गेली नाही. आधी म्हणाली आठ दिवस. मग म्हणाली तुळशीचं लग्न होऊ दे. मग गावची जत्रा. मी काही विचारलं नाही. विचारलं की तिला जायची आठवण व्हायची.

आज दहा वाजता सगळे पेज खायला बसलो होतो. तन्वीने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी पेज विकतलंय."

मला ठसकाच लागला. गुरुदास म्हणाला, "पेज? ही? ही विकत कोण घेतलो?"

देवबागच्या वाटेवर खाडीच्या काठाला एक रिसॉर्ट आहे. एलिनाबाई म्हणून मालकीण आहेत. तन्वी म्हणते, तिथे येणारे पाव्हणे रोज विचारतात की इथलं काही खायला आहे का, आणि त्यांना इडली मिळते. एप्रिल-मेच्या सुट्टीत त्यांना रोज सकाळी आमची पेज द्यायची. आमच्या शेतातला उकडा तांदूळ, मातीचं मडकं, करवंटीची डवली म्हणजे पळी, बाजूला लोणचं आणि चटणी. मी हसून हसून डोळे पुसले. अहो, पेज म्हणजे काय, तांदूळ नि पाणी नि मीठ. शेतावर जाणाऱ्याने दुपारपर्यंत तग धरावा म्हणून खायची. ती खायला लोक गाडी करून येणार?

गुरुदास हसला नाही. पुण्याच्या हॉटेलवाल्यांनी तिला एक एप्रिलला परत बोलावलंय म्हणे. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, "पाडव्यापर्यंत बघ. नाय झालां तर गप पुण्याक जावचां."

तन्वी म्हणाली, "चलात."

पाडवा ह्या वर्षी तीस मार्चला आहे. मी कालनिर्णयात बघून आले. रश्मीने, म्हणजे सुनेने, पोरीच्या वाटीत आणखी एक पापड टाकला.

१३ फेब्रुवारी

विकायचं म्हणजे आधी कागद करावा लागतो. त्याला प्रपोजल म्हणतात. मला वाटलं होतं मडकं घेऊन जायचं आणि वाढायचं. तन्वी म्हणते तसं नसतं, आधी लिहून पटवावं लागतं, मग चाखवता येतं. उलटं आहे जग. असो.

१९ फेब्रुवारी

प्रपोजल झालं. बावीस पानं! चकचकीत फाईल. हाताला चांगली जड लागते.

तन्वीने मला ओटीवर बसवून वाचून दाखवलं. इंग्रजीत आहे, ती वाचायची आणि अर्थ सांगायची. पहिली चार पानं जगातल्या पर्यटनाची. मग देशातल्या पर्यटनाची. मग एक गोल रंगीत चित्र, भाकरीचे चतकोर केल्यासारखं. मी डोळे मिटून ऐकत होते.

"आज्ये, झोपलंस?"

"नाय गो. आमी खंय आसंव ह्यात?"

"नवव्या पानार."

नवव्या पानावर माझा फोटो निघाला. खाली लिहिलंय, ज्येष्ठ पाकसल्लागार. मी म्हटलं, "मी कोणाक सल्लो दिलंय? माझां रश्मी तरी आयकता?" रश्मी आतून म्हणाली, "आयकतंय, करीत नाय."

पुढे मागण्या होत्या. पेज, सोलकढी, रविवारी खापरोळ्या, लोणच्यांच्या भेटपिशव्या, पाव्हण्यांना स्वयंपाक शिकवायचा वर्ग, आणि वाढणाऱ्यांना एकसारख्या साड्या. शेवटी एक रकाना, अडचणी. त्याखाली एकच शब्द, नाहीत.

मला अर्ध्याच्या वर कळलं नाही. पण पोर एवढं लिहिते ह्याचाच मला आनंद. शेजारणीला बोलावून फाईल हातात दिली, तिनेसुद्धा वजन बघितलं.

२१ फेब्रुवारी

आज मी कोणाला न सांगता एक काम केलं. फाईल घेऊन देवळात गेले, कौल लावायला.

आमच्या देवळात सध्या भाईंची पाळी आहे. भाई म्हणजे गुरव. पण कुडाळच्या बँकेत तीस वर्षं होते, लोकांचे कर्जाचे कागद वाचायचं काम. निवृत्त होऊन आता देवाची सेवा करतात. म्हणतात, दोन्हीकडे काम एकच, मागणारे येतात.

मी म्हटलं, "भाई, देवाक इचारूचां आसा. ह्यो कागद एलिनाबायच्या हाटेलात जाव काय नको?"

भाई म्हणाले, "बघया तरी कागद कसलो तो." आणि पायरीवर बसून वाचायला लागले. सगळा वाचला. बावीस पानं! मी तोवर देवळाला अकरा प्रदक्षिणा घातल्या, मग गुडघा दुखला म्हणून बसले. दोनदा त्यांनी चष्मा पुसला. एकदा मान वर करून म्हणाले, "गो, ह्यात तुमी खंय?"

"नवव्या पानार."

"हं," म्हणाले.

मग उठले आणि देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक. उजवी पाकळी भाईंनी पाण्यात बुडवून अंगठ्याने अशी दाबली, की वाटलं ही आता आषाढापर्यंत हलत नाही. डावी नुसती टेकवली. वय झालं, हात थरथरतो बिचाऱ्यांचा.

देवाला घालायचं गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, पुरं व्हायच्या आधीच डावी पडली.

मी पदर तोंडाला लावला. भाई म्हणाले, "घाबरा नको. देवान चेडवाक नाय म्हणाक नाय. कागदाक नाय म्हटल्यान. परत लिवक सांग. ल्हान."

पोरीला नाही, कागदाला नाही, देव एवढं बारीक सांगतो हे मला नवीन. पण भाई रोज त्याच्याजवळ असतात, त्यांना कळत असेल.

२२ फेब्रुवारी

तन्वीला सांगितलं. सांगायला नको होतं.

"आज्ये! माझां प्रपोजल तू देवळात न्हेलंस? भाईक वाचूक दिलंस?"

"भाईक नाय गो, देवाक."

पाय आपटत गेली. संध्याकाळपर्यंत घरात आली नाही. आजोबांची नात शोभते, ते सुद्धा रागावले की गोठ्यात जाऊन बसत. आता गोठ्यात स्कूटर असते, ही स्कूटरवर बसली होती.

२४ फेब्रुवारी

कौल डावा असूनही तन्वी फाईल देऊन आली. एलिनाबाई भेटल्या नाहीत. काउंटरवरच्या मुलीने हसून घेतली आणि म्हणाली, "ठेवन जावा." तन्वी म्हणते हे चांगलं लक्षण आहे. मी देवाला सांगितलं की पोर लहान आहे.

४ मार्च

उत्तर नाही. तन्वी तिकडून जाताना सहज स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावली. आमची फाईल ओट्यावर होती. फाईलवर कलिंगड होतं. कापलेलं.

पुण्याहून परत फोन आला. ती "हो, हो" म्हणाली. तिने माळ्यावरची बॅग काढून उन्हात घातली. मी म्हटलं, "पावसाआधी सगळां उनात घालूकच होया, बरां केलंस." असं मी म्हटलं. आणि पेजेला मीठ घालायला विसरले. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

मला पेज विकली गेली काय, न गेली काय. मी आपली पोरीसाठी म्हणते. पुण्यात तिला खोलीला खिडकी नव्हती म्हणे. हे सुद्धा तिने मला आज सांगितलं, तांदूळ निवडताना. दोन वर्षांत फोनवर एकदा बोलली नाही. मी प्रत्येक वेळी विचारायचे, जेवलंस काय? खिडकीचं मी विचारलंच नाही.

१४ मार्च

शिमगो! आज खूप लिहायचं आहे, पेन संपलं तर संपलं.

सकाळी सगळा गाव देवळात. आमचे हे गावकर होते, म्हणजे देवासमोर गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. चाळीस वर्षं त्यांनी घातलं. त्यांच्यानंतर तो मान चुलत घराकडे गेला. आज तिथला नवा गावकर उभा राहिला आणि बोलतच राहिला, बोलतच राहिला. गावाचा इतिहास सांगितला. रस्त्याचं सांगितलं. मग वेशीवरच्या राखणदार देवाचं नावच विसरला. मागून म्हाताऱ्या कुजबुजल्या, "राखणदार ऱ्हवलो रे!" आम्ही होकाराचं "व्हय महाराजा" म्हणायला तोंड उघडून बसलेलो, पण कुठे म्हणायचं तेच कळेना. माझ्या बाजूची तर जांभई देऊन मोकळी झाली.

मला ह्यांचं गाऱ्हाणं आठवलं. किती लहान असायचं! आणि प्रत्येक वाक्याला होकार आपोआप तोंडातून निघायचा. एकदा एक बाई नवस बोलायला आली होती. मुलाचं लग्न, नवी विहीर, जावेचा स्वभाव, सगळं एकदम सांगायला लागली. हे म्हणाले, "वयनी, आदी एक काय तां ठरवा. देव एकटो आसा."

आणि मला एकदम कलिंगडाखालची फाईल दिसली.

घरी येऊन मी लुगडंसुद्धा बदललं नाही. "तन्वी! हय ये. तुझां प्रपोजल म्हंजे गाऱ्हाणां!"

"काय?"

"गो, मागणांच मां तां? मग मागतत तशां माग. आजोबा कसे घालीत, आठवता?"

ती हसली. पण बसली. मी बोटांवर मोजत सांगितलं. आधी समोरच्याचं नाव घ्यायचं, जगाचं नाही. मग त्याच्या आजूबाजूला जे जे आहेत त्यांची नावं, एक विसरला तर तोच अडून बसतो. मग आपण कोण. मग एकच मागणं. मग काय वाकडं होऊ शकतं ते आपणच सांगायचं आणि ते कसं सांभाळू तेही. देवापासून कोणी अडचण लपवतं का? मग आपण काय देऊ ते. आणि थांबायचं. समोरच्याला होकार म्हणायला जागा ठेवायची.

तन्वीने ते सगळं परत स्वतःच्या बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "आज्ये, ह्यां माका कॉलेजात दोन वर्सां शिकवत होते. ह्यां असां कोणी सांगूक नाय."

"आजू-बाजूक कोण कोण आसत, तुका म्हायत आसा?"

"नाय."

"मग जावया."

१५ मार्च

तन्वीच्या स्कूटरवर मागे बसून रिसॉर्टात गेले. वाटेत दोन उंचवटे आले, त्यांचं नाव घेऊ नये.

मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो. तिथला मुख्य आचारी प्लासिद. साठीचा, भरघोस मिशा, गळ्यात क्रूस. कलिंगडवाला हाच. मी म्हटलं, "बसू काय रे बाबा? गुडघो दुखता." त्याने स्टूल दिलं आणि तोंड फिरवलं.

मी काही पेजेचं काढलं नाही. त्याची इडली खाल्ली. खोटं कशाला बोला, कापसासारखी होती. मी विचारलं, "पीठ खंय ठेवतंस? रातीक इतकी उब कशी मिळता?" मग काय, माणूस सुटला. पीठ कुठे ठेवतो, उडीद कुठून आणतो, गोव्यात मामाच्या हॉटेलात भांडी घासता घासता कसा शिकला, सगळं. अकरा वर्षं इथे तीच इडली. शेवटी आमच्याकडे बघून म्हणाला, "आणि आता तुमी पेज हाडतल्यात. मगे माझी इडली कोण खातलो?"

तन्वी माझ्याकडे बघायला लागली, मी तन्वीकडे. हाच तो राखणदार! बावीस पानांत जगाचं नाव होतं आणि ह्याचं नव्हतं.

निघताना त्याने विचारलं, "आजये, पेजेवांगडा गोलम्याची चटणी करतात काय अजून? माझी आवय करी." आवय म्हणजे आई, आणि गोलमा म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी. मी म्हटलं, करतात.

१७ मार्च

आज नवीन प्रपोजल लिहिलं. मराठीत. दीड पान. मी काही सांगितलं नाही, नुसती बाजूला बसून बोलत होते, तन्वी म्हणते तेच पुष्कळ झालं. मला ते इथे उतरून ठेवायचं आहे, अक्षर माझं, शब्द तिचे:

"एलिनाबाई, आपल्याकडे सकाळी पन्नासेक माणसं न्याहारीला बसतात. इथलं काही आहे का, असं त्यांतली बरीच विचारतात. हे आम्ही आपल्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं. प्लासिद यांची इडली अकरा वर्षं आहे तिथेच राहील. आमचं मडकं तिच्या शेजारी बसेल.

"आम्ही एका घरातल्या तीन बायका. आजी पेज शिजवते, आई चटणी-लोणचं बघते, मी आणून वाढेन. तांदूळ आमच्या शेतातला, आमच्याच अंगणात उकडलेला. आम्ही रोज हेच खातो.

"अडचणी सांगतो. पेज दीड-दोन तासांनी दाटते आणि तिची मजा जाते. म्हणून साडेसातला एक मडकं घरून येईल. दुसरं नऊच्या सुमारास आपल्याकडेच शिजवू, प्लासिद यांनी एक शेगडी दिली तर. मी आजारी पडले तर आई येईल. तांदूळ मेअखेरपर्यंतच पुरेल. त्यानंतर बाजारातला आणून आमचा म्हणून सांगणार नाही.

"मागणं एकच, आठ दिवसांच्या आठ सकाळी. कोणी दुसऱ्यांदा वाढा म्हणालं तर मोजणार नाही, पेज मोजून वाढत नाहीत. नवव्या दिवशी आपण नको म्हणालात तर मडकं उचलून नेऊ आणि रुसणार नाही."

खाली तीन सह्या. माझी पण. सही करताना मी जीभ बाहेर काढते म्हणे, रश्मीने फोटो काढला.

तांदळाच्या वाक्यावर भांडण झालं. तन्वी म्हणाली, "तांदूळ संपतलो म्हणान आदीच सांगलां तर कोण घेतलां?" मी म्हटलं, "देवाक खोटां सांगशीत?" ती म्हणाली, "ती देव नाय, एलिनाबाय आसा." पण वाक्य राहिलं.

किंमतीचा एक वेगळा कागद आहे, तो तिने आणि रश्मीने केला. मला दाखवला नाही, कारण मी म्हणते फुकट द्या.

१९ मार्च

ह्या खेपेला मी कौल लावायला गेले नाही. मनातलं लिहिते, भीती वाटली. परत डावा पडला तर?

पण गंमत बघा, दहा वाजता भाई स्वतःच आले. "ह्या वाटेन जाय होतंय," म्हणाले. आमच्या घरावरून वाट कुठेच जात नाही. पेज दिली. कागद समोर होता, तो त्यांनी पेज खाता खाता वाचला. शेवटी पुन्हा "हं" म्हणाले, पण ह्या वेळचा "हं" लांब होता. दोन वाट्या घेतल्या. काठोकाठ भरलेली वाटी उचलताना हात जरासुद्धा थरथरला नाही. औषध लागू पडलं असणार.

२० मार्च

तन्वी कागद देऊन आली. एलिनाबाईंच्या हातात. त्यांनी उभ्याउभ्या पहिली ओळ वाचली आणि मग खुर्ची ओढून बसल्या. एवढंच. "कळवते," म्हणाल्या.

२३ मार्च

काही नाही. पेज केली. खाल्ली.

२५ मार्च

काही नाही. उन्हातून बॅग आत आणली होती, आज ती भरायला घेतली. दोन ड्रेस घातले, एक काढला. मी तिला सांगितलं की पुण्यात खिडकीवाली खोली बघ, पैसे जास्त लागले तर लागले. ती म्हणाली बघतंय. मग आम्ही दोघींनी मिळून गोलमा भाजला. घरभर वास. डोळ्यांत धूर गेला दोघींच्या.

२७ मार्च

आज अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

दुपारी एलिनाबाईंचा फोन आला. तन्वीने स्पीकर लावला. त्या म्हणाल्या, कागद वाचला आणि त्यांना त्यांच्या वडिलांची आठवण झाली, शिमग्याला गावात गाऱ्हाणं ऐकायला ते नेहमी पुढे उभे असत, ख्रिश्चन असले म्हणून काय झालं. मग त्यांनी सकाळी कागद स्वयंपाकघरात नेऊन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, कारण शेगडी तिथल्या माणसांची. भाजी चिरणारी पोरं मस्करीत प्रत्येक वाक्याला ओरडायला लागली, "व्हय महाराजा!" इडलीच्या वाक्याला सगळ्यात मोठा आवाज प्लासिदचा. शेगडी देतो म्हणाला. पण गोलम्याची चटणी पाहिजे, पाव्हण्यांना नाही मिळाली तरी चालेल, त्याला पाहिजे.

"आणि तांदूळ संपतलो म्हणान लिवलास," एलिनाबाई म्हणाल्या, "माका आजवर एकान तरी असां सांगल्यान? सगळे म्हणतत भरपूर आसा. तेच वाक्य वाचून मी ठरवलंय. एक तारखेपासून आठ सकाळी येवा. मगे बघया."

तन्वी "व्हय" म्हणाली. मग फोन ठेवल्यावर परत "व्हय" म्हणाली. मग खाली बसली.

एक तारीख. म्हणजे पुण्याचीसुद्धा एक तारीख. सगळे गुरुदासकडे बघायला लागलो. तो अंगणात सुतळी वळत होता, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने पीळ पुरा करून सुतळीला गाठ मारली. आठ सकाळी म्हणजे काही नोकरी नव्हे, हे मलाही कळतं. मग म्हणाला, "पुण्यावाल्यांचो नंबर दी. मी सांगतंय तेंका."

"काय सांगतलास, बाबा?"

"आमच्याकडे खिडकी आसा म्हणान."

त्याला खिडकीचं कोणी सांगितलं कोण जाणे. मी नाही. मी फक्त रश्मीला सांगितलं होतं.

तन्वीने बॅग उचलून माळ्यावर टाकली, धूळ माझ्या डोक्यावर. मी दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ केली.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारून देवळात गेलो, पंचांग ऐकायला. मी मडक्यात पेज नेली होती, पहिली पेज देवाला. तन्वी देवाच्या पाया एकदा पडली आणि भाईंच्या दोनदा. पोरीला क्रम कळत नाही. भाई तिला म्हणाले, "दीड पान, हां?" ती म्हणाली, "दीड पान." आणि दोघं हसली. दीड पानात हसण्यासारखं काय आहे?

मला एक गोष्ट विचारायची होतीच. माणसं पांगल्यावर मी भाईंना गाठलं. "भाई, एक सांगा. त्या दिसा देवान डावो कौल दिल्यान. आणि खरोखर ती फायल कलिंगडाखाली गेली. देवाक कसां कळलां?"

भाईंनी आधी देवाकडे बघितलं. मग पेजेची वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला, मिशी पुसली.

"देवाक वाचूक येता गो," म्हणाले.

मी मडकं देवळातच विसरून घरी निघाले. तन्वी विचारत होती, आज्ये, बरां नाय काय? काय सांगणार? साठ वर्षं मी त्याला फुलं घालते, आणि त्याला वाचता येतं हे मला आज कळलं. आता ही डायरी कपाटात अगदी खाली ठेवते. पेजेच्या मिठाचं आणि रश्मीचं काय काय लिहिलंय त्यात. देवळात चुकूनसुद्धा न्यायची नाही.